‘मॉडेल हुशार आहे, वर्णन कशाला?’ जरा थांबा

एक मेसेज सध्या नेटवर्कवाल्यांमध्ये बराच फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: एआय मॉडेलला नेटवर्किंग आपल्यापेक्षा जास्त येतं. राउटरवर नजर ठेवणाऱ्या एजंटला (म्हणजे स्वतः कामं करणाऱ्या मॉडेलला) टूल, म्हणजे त्याला चालवता येणारी स्क्रिप्ट, देताना नाव नीट ठेवा, वर्णनाची एक ओळ खरडा, पुरे. फारच शंका आली तर व्हेंडरचं मॅन्युअल चिकटवा. धोक्याच्या टूलपुढे ‘जपून वापरा’ लिहा.

‘मॉडेलला नेटवर्किंग येतं.’ येतं, मान्य. बीजीपीचा (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) शेजारी, म्हणजे समोरचा राउटर, ‘ॲक्टिव्ह’ दिसला की नवखा इंजिनिअर खूश होतो. मॉडेलला ठाऊक असतं की सेशन अजून जुळलेलंच नाही, जुळलं की ‘एस्टॅब्लिश्ड’ येतं. पण टूलमागच्या तुमच्या स्क्रिप्टने बीजीपी सेशनच्या सहा अवस्थांचं ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढंच केलं असेल आणि ॲक्टिव्ह ‘चालू’त टाकलं असेल, तर ते सगळं ज्ञान दाराबाहेरच राहिलं.

‘नावावरून कळतं.’ इथे खरी मेख आहे. टूलचं नाव ‘इंटरफेस ट्रॅफिक’, उत्तर आलं ४८२१९३०. हे बिट की ऑक्टेट (आठ बिटांचा गट)? दर सेकंदाला, की राउटर सुरू झाल्यापासून? एसएनएमपीचा (राउटरकडून आकडे विचारून घ्यायचा प्रोटोकॉल) जुना ३२-बिट काउंटर ४,२९,४९,६७,२९६ ऑक्टेट झाले की पुन्हा शून्यावरून मोजायला लागतो. १ गिगाबिटची लिंक भरून वाहत असेल तर त्याला जेमतेम ३४ सेकंद लागतात. दर ५ मिनिटांनी वाचलंत तर मधल्या वेळात तो आठ वेळा फिरून आलेला असतो, आणि वजाबाकी करून मिळणारा आकडा दिसायला अगदी सभ्य असतो. सीआरसी एररचंही (वाटेत बिघडलेल्या फ्रेमची मोजणी) तेच. ‘९१२’ हा आकडा आत्ताचा, की दोन वर्षांपूर्वी बदललेल्या केबलचा? काउंटर कधी क्लिअरच केला नसेल तर दोन्ही शक्य.

मी असं वर्णन लिहीन:

‘एका इंटरफेसचा गेल्या ५ मिनिटांचा सरासरी आवक-जावक वेग, बिट प्रति सेकंदात, ६४-बिट काउंटरवरून. आकडा ६० सेकंदांपर्यंत शिळा असू शकतो. इंटरफेसचं पूर्ण नाव द्यावं, इंडेक्स नंबर नको, रीबूटनंतर तो बदलू शकतो. राउटरने उत्तर दिलं नाही तर “टाइमआउट” येतं, शून्य नव्हे. एररसाठी वेगळं टूल आहे.’

यातलं टाइमआउटचं वाक्य आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. एका रात्री राउटरपर्यंत जाणारा मॅनेजमेंटचा रस्ताच बंद पडला. आमच्या अलार्मच्या टूलने रिकामी यादी परत केली आणि एजंटने इमानदारीत लिहिलं: ‘एकही अलार्म नाही, सर्व शांत.’ शांत होतं खरंच!

मॅन्युअल चिकटवण्याबद्दल फार बोलायला नको. टूलची वर्णनं एजंटच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेलसमोरच्या मजकुरात, सहसा सोबतच असतात. चाळीस टूलमागे तीन-तीन पानं लावलीत की कामाची ओळ त्या गर्दीत हरवते. शिवाय मॅन्युअल व्हेंडरच्या कमांडचं असतं, तुमच्या स्क्रिप्टचं नव्हे.

राहिलं ‘जपून वापरा’. जपून म्हणजे काय करायचं? हळू चालवायचं? ‘क्लिअर आयपी बीजीपी’ ही कमांड पुढे तारा (*) टाकून चालवली की सगळ्या शेजाऱ्यांची सेशन तुटतात, हे तसंच लिहा, माणसाची मंजुरी लागते, हेही लिहा. पण त्यावर विसंबून झोपू नका. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (मॉडेलला टूल जोडायची प्रमाण पद्धत) टूल ‘फक्त वाचणारं’ की ‘मोडतोड करणारं’ हे नोंदवायची सोय आहे, आणि प्रोटोकॉल स्वतःच त्या नोंदीला ‘हिंट’, म्हणजे नुसती सूचना, म्हणतो. कुलूप राउटरवरच हवं: एजंटला फक्त वाचण्यापुरतं लॉगिन. आणि ज्याला नुसती नजर ठेवायची आहे, त्याच्या यादीत सेशन तोडणारं टूल मुळात कशाला, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.