मत न देणारा तो 'इडियट'? ग्रीकांना मध्ये आणू नका

निवडणूक जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. शाई लावलेल्या बोटाचं चित्र आणि खाली मजकूर: प्राचीन अथेन्समध्ये मतदान न करणाऱ्याला 'इडियट' म्हणत, तिथला मोठा पुढारी पेरिक्लीस यानेच तसं म्हणून ठेवलंय, तिथे मत देणं हा प्रत्येकाचा अभिमान होता आणि पुढे त्यातूनच या शब्दाला 'मूर्ख' हा अर्थ आला. तेव्हा सुट्टी बघून लोणावळ्याला पळणारे शब्दशः इडियट! यंदा तिघांनी तो मला वेगळाही पाठवला. मत द्यावं याबद्दल माझा वाद नाही, मीही देतो. पण त्यासाठी ग्रीकांच्या तोंडी भलतंच कशाला घालायचं?

'शब्दाचा मूळ अर्थच मतदान न करणारा.' नाही. मूळ शब्द 'इदिओतेस'. 'इदिओस' म्हणजे स्वतःचा, खासगी. त्यावरून इदिओतेस म्हणजे खासगी माणूस. मात्र नेमका कोण, हे त्याच्यासमोर कोण उभा आहे त्यावर ठरायचं. अधिकाऱ्यासमोर तो साधा नागरिक. सेनापतीसमोर साधा शिपाई. इंग्रजी फौजेतला 'प्रायव्हेट' आठवा. कवीसमोर गद्य लिहिणारा, असाही वापर प्लेटोकडे सापडतो, म्हणजे त्या हिशेबाने मीसुद्धा इदिओतेस. आणि वैद्यासमोर, वैद्यक न शिकलेला. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये भयंकर साथ आली. इतिहासकार थुसिडिडीस स्वतः त्यात आजारी पडला आणि वाचला. तो लिहितो, ही साथ कशामुळे आली असेल ते वैद्याने आणि इदिओतेसने आपापल्या समजुतीप्रमाणे सांगावं, मी तिचं रूप तेवढं सांगतो. या वाक्यात इदिओतेसच्या जागी 'मत न देणारा' घालून वाचून बघा.

खरी गंमत पुढेच आहे. अथेन्सची सभा प्निक्स टेकडीवर भरायची आणि बहुतेक निर्णय हात वर करून व्हायचे. तिथे जाऊन हात वर करणारा, पण कधी बोलायला उभा न राहणारा, कुठलंही पद नसलेला माणूस, तोही इदिओतेसच. डेमॉस्थेनीससारखे वक्ते राजकारणात मुरलेल्यांच्या विरुद्ध बाजूला याच साध्या माणसाला उभं करतात, तेही शिवी म्हणून नव्हे. म्हणजे फॉरवर्डमधला आदर्श मतदार, जो रांगेत उभा राहून मत देतो आणि गुपचूप घरी येतो, तो अथेन्सच्या भाषेत इदिओतेस ठरला!

आता पेरिक्लीस. युद्धात पडलेल्यांच्या अंत्यविधीच्या वेळी त्याने केलेलं भाषण थुसिडिडीसने दिलंय, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात तेच घोळत असणार. पेरिक्लीस म्हणतो, सार्वजनिक कामात भाग न घेणाऱ्याला आम्ही 'आपण बरं, आपलं काम बरं' असा माणूस समजत नाही, निरुपयोगी समजतो. बोलणं कडक आहे, कबूल. पण त्यातले शब्द आहेत 'अप्राग्मोन' (आपण बरं, आपलं काम बरं) आणि 'अख्रेइओस' (निरुपयोगी). इदिओतेस तिथे नाहीच. वर त्याच भाषणात तो असंही सांगतो की शेजारी आपल्या मर्जीने वागला तर आम्ही त्याच्यावर डोळे वटारत नाही. हे वाक्य मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

'अथेन्समध्ये मत देणं हा प्रत्येकाचा अभिमान होता.' प्रत्येकाचा? बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक यांना मतच नव्हतं. ज्यांना होतं त्यांचं काय, ते अॅरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४२५ मधल्या एका प्रहसनाच्या सुरुवातीलाच दिसतं. सकाळची वेळ, सभेचा दिवस, आणि प्निक्सवर आपला नायक एकटाच बसून जांभया देतोय. बाकीचे खाली बाजारात गप्पा मारताहेत आणि लाल रंगात भिजवलेल्या दोरीला चुकवत इकडेतिकडे पळताहेत. ही दोरी सभेकडे माणसं हाकायला धरत. लागली की कपड्यावर लाल डाग. पुढे तर सभेला येण्याचे पैसे द्यावे लागले. आधी एक ओबोल, मग वाढवत तीन. लोणावळा तेव्हाही होतं, एवढंच.

'त्यातूनच मूर्ख हा अर्थ आला.' मतदानाचा इथे काडीचा संबंध नाही. मूर्खासाठी ग्रीकांकडे 'मोरोस' हा स्वतंत्र शब्द होता. इदिओतेस घसरला तो 'न शिकलेला' या अर्थावरून. त्यात थोडी तुच्छता ग्रीकमध्येच होती, हे खरं. बायबलच्या नव्या करारात पेत्र आणि योहान या कोळ्यांना हाच शब्द लावलाय: शास्त्र न शिकलेले साधे लोक. लॅटिनमध्ये तो 'इदिओता' झाला. असिसीचा संत फ्रान्सिस आपल्या मंडळींबद्दल नम्रपणे म्हणतो, आम्ही इदिओता होतो. तिथून इंग्रजीत येईपर्यंत 'अडाणी'चा 'अक्कल नसलेला' झाला, मग कायद्यात जन्मजात मतिमंद. आपल्याकडच्या १९१२ च्या लुनसी अॅक्टमध्ये वेड्याची व्याख्या करताना 'इडियट' हा शब्द आहे. १९८७ च्या कायद्याने तो अॅक्ट गेला. अमेरिकेत १९१० साली गॉडार्ड या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचं वय तीन वर्षांच्या आत असलेल्यांना इडियट या वर्गात टाकलं, आणि वरच्या एका वर्गासाठी त्या मोरोसवरून 'मोरॉन' घडवला.

आपल्याला हे नवं वाटायला नको. संस्कृतात 'पृथग्जन' म्हणजे आधी वेगळा, साधा माणूस, मग हलका माणूस, मग मूर्खही.

ग्रीसमध्ये मात्र शब्द अजून जागेवर आहे. तिथे खासगी शाळा 'इदिओतिको', खासगी पार्किंगही 'इदिओतिको', आणि पालकांना त्यात काही लागत नाही. तेव्हा लोणावळ्याला निघालेल्यांना ग्रीकमधूनच काही ऐकवायचं असेल तर 'अख्रेइओस' पाठवा. टाइप करायला त्रास होईल, पण निदान शब्द पेरिक्लीसचा असेल.