वरून ऑर्डर आहे

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "लॉकडाऊनमध्ये कशी शिस्त होती! सरकारला तसे अधिकार कायमचेच द्यायला हवेत." खाली अंगठ्यांची रांग. डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

काका, तुमच्या गल्लीला पत्रे नव्हते. आमच्या पेठेत होते. एप्रिल २०२०, बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि गल्लीच्या तोंडाशी बांबूंना तारेने आवळलेले पत्रे. पास मोबाईलवर, फाइल हातात. हवालदार म्हणाला, "मॅडम, पास बरोबर आहे, पण रस्ता बंद. वरून ऑर्डर आहे." कागद दाखवा म्हटलं, तर तो त्याच्याकडेही नव्हता.

हे सगळं ज्याच्या जोरावर चाललं त्यातला एक, साथरोग कायदा, १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. रँडचे सोल्जर माजघरापर्यंत शिरले ते त्याच वर्षी, आणि गणेशखिंडीत पुढे काय झालं ते पुण्यात कुणाला सांगायचं? चाफेकरांचे स्टेटस ठेवणारे आपण, आणि कायदा मात्र तोच जपून ठेवलाय. मुळात जेमतेम चार कलमं. नेहमीचे कायदे पुरत नाहीत असं राज्य सरकारला वाटलं, की हवे ते नियम करा. सद्भावनेने केलं म्हटलं, की दावाही लावता येत नाही. मुदत नाही, विधानसभेची मंजुरी नाही. अहो, आणीबाणीसुद्धा महिन्याभरात संसदेपुढे न्यावी लागते, दर सहा महिन्यांनी परत!

२०२० साली दुरुस्ती झाली, डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्याची शिक्षा वाढली. ते हवंच होतं. पण पत्र्याआड अडकलेल्याने कुणाकडे जायचं, हे तेव्हाही कुणाला सुचलं नाही.

मान्य, साथीत ठराव मांडत बसता येत नाही. वाड्यात दहा बिऱ्हाडांना एक संडास, पत्रे नसते तर आणखी माणसं गेली असती, असेलही.

त्या हवालदाराचा मला राग नाही. भर उन्हात तोंडाला रुमाल बांधून उभा होता बिचारा. शेवटी त्यानेच तार सोडून एक पत्रा बाजूला ओढला. "आजोबा, पटकन. मी बघितलं नाही." फिस्टुलाला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचतात त्या हातावरच्या शिरेला, पत्रा लागू नये म्हणून बाबा तो हात छातीशी धरून वाकून बाहेर आले.

म्हणजे माझ्या बापाचा जीव कुणाच्या भरवशावर? एका हवालदाराच्या चांगुलपणाच्या! त्या जागी दुसरा असता तर? ही तुमची शिस्त?

अधिकार द्या ना, कोण नाही म्हणतंय. पण आदेश लेखी, मराठीत, शेवटच्या तारखेसकट चौकात लावा. महिन्याभरात विधानसभेत आणा, नाहीतर आपोआप रद्द. डायलिसिस, केमो, बाळंतपण यांची वाट आधी ठरवा, मग ठोका काय पत्रे ठोकायचे ते.

ग्रुपवर टाकलं तर "इथे राजकारण नको" येईल, म्हणून इथे. काकांना टॅग करायचं असेल त्यांनी खुशाल करा.