एक मिलिमीटर काढायचे होते

आमच्या खोलीचे दार कडीच्या बाजूला, अगदी वरच्या कोपऱ्यात, चौकटीला घासू लागले तेव्हा घरातील इतरांनी ते खांद्याने ढकलून उघडण्याची सवय लावून घेतली आणि मी इलेक्ट्रिक रंधा विकत घेण्याचा निश्चय केला. दमट हवेत लाकूड ओलावा शोषून रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही, हे मी नुकतेच वाचले होते, आणि नुकतेच वाचलेले ज्ञान घरातील एखाद्या वस्तूवर वापरून पाहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. "अहो, आधी बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत का ते बघा," असे पत्नीने सुचवले. या उपायात कोणतेही नवे अवजार घ्यावे लागत नव्हते, त्यामुळे तो मला वरवरचा वाटला.

निवडीतच माझे दोन आठवडे गेले. ‘प्लेनर’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रे विकली जातात, हे प्रथम कळले: एक हातात धरून लाकडावर फिरवायचे, दुसरे टेबलावर ठेवून त्याच्या तोंडात फळी सारायची. दुसऱ्यातून फळी सर्वत्र सारख्या जाडीची होऊन बाहेर येते, या वर्णनाने मी इतका भारावलो की ते घेण्याच्या बेतात होतो. मात्र आपल्याला दाराची जाडी नव्हे, तर रुंदी कमी करायची आहे, हे ऐनवेळी लक्षात आले. मग हातातल्या रंध्यांचे तक्ते समोर मांडले. पात्याची रुंदी बहुतेकांत 82 मिमीच असते, त्यामुळे तिथे भांडायला वाव नव्हता. मी भांडलो ते कापाच्या खोलीवरून. एका फटक्यात 2 मिमी लाकूड काढणारा यंत्र-रंधा मला मिळमिळीत वाटला आणि 3 मिमी काढणारा मी अभिमानाने घरी आणला. दाराच्या कामात अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जायचेच नसते, हे तक्त्यात कुठेही छापलेले नव्हते. खरे तर कापाची खोली ठरवणारी मूठ किती बारीक टप्प्यांनी फिरते आणि यंत्राच्या आतला पट्टा तुटल्यास दुसरा मिळतो का, हे पाहायला हवे होते. वजनाचेही तसेच. तीन किलो म्हणजे दुकानात काहीच वाटत नाही; दाराच्या अरुंद कडेवर ते तोलून दोन मीटर चालायचे असते तेव्हा त्याचे वजन तासातासाने वाढते.

ठरलेल्या दिवशी दार उतरवले, कडीची पट्टी काढली, दार कडेवर उभे करून पुतण्याला धरायला सांगितले आणि एक मिलिमीटर अंतरावर टोकदार पेन्सिलीने रेघ ओढली. ती रेघ इतकी सुरेख आली होती की काम तिथेच थांबवले असते तरी चालले असते.

यंत्र सुरू होताच पुतण्याने एक हात दारावर ठेवून दुसरा कानावर नेला. यंत्राच्या तळाशी फिरणाऱ्या ढोलावर दोन पाती असतात आणि तो मिनिटाला सुमारे 16,000 फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला 32,000 घाव. साध्या रंध्याने माणूस एक हात मारतो, थांबतो, कडेवर बोट फिरवून पाहतो. इथे बोट फिरवण्याचा विचार मनात येईपर्यंत कड दुसरीच झालेली असते. भुसा यंत्राच्या उजवीकडून उडतो, आणि उजवीकडे नेमकी वाळत घातलेली चादर होती. चष्म्याच्या आत, घड्याळाच्या पट्ट्याखाली आणि सदऱ्याच्या बंद खिशातही सालपे कशी पोहोचली, हे मला अजून उलगडलेले नाही.

या यंत्राचे सगळे मर्म त्याच्या तळाच्या दोन पट्ट्यांत आहे. मागची स्थिर असते आणि पात्याच्या टोकाशी समतल राहते; पुढची वर सरकते, आणि दोघींतला फरक म्हणजे निघणारे लाकूड. म्हणून सुरुवातीला भार पुढच्या पट्टीवर ठेवायचा आणि शेवटी तो मागच्या पट्टीवर न्यायचा. मी शेवटीही पुढेच रेटत राहिलो. पुढची पट्टी दाराबाहेर जाऊन अधांतरी झाली, यंत्राने नाक खाली केले आणि पात्याने निरोपाचा एक घास घेतला.

"काका, टोकाला खड्डा पडलाय," पुतण्या म्हणाला.

खड्डा भरता येत नाही. उरलेले सगळे दार खड्ड्याच्या पातळीला आणावे लागते. ते आणले, तेव्हा यंत्राने पुन्हा नाक खाली केले. मग तो दुसरा खड्डा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढ्यावर भागले असते तरी बरे. इथे मारुतीही फेरीगणिक बारीक होत चालला होता. तिसऱ्या फेरीत कडेतला एक जुना खिळा पात्याला लागला, ठिणगी उडाली, आणि तिथून पुढे यंत्र जाईल तिथे लाकडावर केसाएवढी उंचवट्याची एक रेघ सोडत गेले. हे पाते उलटवून दुसरी धार वापरता येते, हा त्या दिवसातला एकमेव दिलासा. उलटवण्यापूर्वी मी बटण बंद करून रंधा टेबलावर टेकवला. बटण बंद झाले तरी ढोल काही सेकंद फिरतच राहतो, आणि टेकवताना पाती वर उचलून धरणारी मागची छोटी टेकणी सालपांनी अडून बसली होती. टेबलावर अजून ती सही आहे.

दार पुन्हा बसवले तेव्हा ते अजिबात घासत नव्हते. ते चौकटीपर्यंत पोहोचतच नव्हते. दार बंद असताना आतल्या दिव्याची उभी रेघ बाहेर पडे, आणि खोलीत कोण जागे आहे हे सगळ्या घराला कळे. शेवटी सुतारांना बोलावले. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिले, आणि काहीही न विचारता कडेला लाकडाची पट्टी चिकटवून दार होते तेवढे रुंद करून दिले. जाताना त्यांनी माझा रंधा हातात घेऊन "मशीन चांगली आहे" एवढेच म्हटले. त्यातला भर ‘मशीन’वर होता.

दुसऱ्या दिवशी दार वरच्या कोपऱ्यात, अगदी त्याच जागी, पुन्हा घासू लागले. मी रंध्याची वायर सोडवत होतो, तेवढ्यात पत्नीने स्टुलावर चढून वरच्या बिजागरीचे तीन स्क्रू पिळले. पहिला दीड फेरा फिरला, दुसरा दोन, तिसरा तर तिच्या हातातच आला.