दहा पौंडांची नोट

मिलिंदचा पुतण्या ग्लासगोहून आलाय. त्यानं काकाला दिलेली दहा पौंडांची नोट काल कट्ट्यावर सगळ्यांच्या हातातून फिरली. एका बाजूला मेरी सोमरव्हिल ही गणितज्ञ, दुसऱ्या बाजूला पाणमांजरं. छापणारी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड.

"नोटाही स्वतःच्या आहेत की यांच्या! मग स्वतंत्र व्हायला अडलं कुठं?" पक्या म्हणाला.

"नोटेतच अडलं," नाना म्हणाले. नाना बँकेतून निवृत्त झालेत, म्हणजे आता चहा थंड होणार हे आम्ही ओळखलं. "नोट यांची, पण तिच्या पाठीशी पैसा ठेवायचा बँक ऑफ इंग्लंडकडं. 2014 ला ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का यावर स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं. त्याआधी तिथल्या सरकारचे प्रमुख सॅल्मंड म्हणत होते, वेगळे झालो तरी पौंड सामाईक ठेवू. लंडनचे अर्थमंत्री ऑस्बोर्न म्हणाले, घर सोडणार असाल तर पौंडही सोडा. शेवटी 55 टक्के लोक 'नको' म्हणाले."

"आणि 45 टक्के 'हो' म्हणाले, ते कोण सांगणार? शिवाय उत्तर समुद्रातलं तेल त्यांच्या दारात."

"त्या उन्हाळ्यात तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं. जानेवारीत पन्नासच्या खाली. पहिलं बजेट त्यावर मांडलं असतं तर?"

"एका वर्षाच्या पिकावर कुणी शेत विकतं का, नाना?"

हा डाव पक्याला गेला, असं माझं मत. नाना गप्प बसले. वर्षानं मात्र वेगळीच फाईल उघडली. "चेकोस्लोव्हाकिया बघा. 1 जानेवारी 1993 ला भांडणतंटा न होता चेक आणि स्लोव्हाक असे दोन देश झाले. मालमत्ता लोकसंख्येप्रमाणे दोनास एक वाटली. चलन काही महिने सामाईक ठेवायचं ठरलेलं, पण 8 फेब्रुवारीलाच संपलं. जुन्या नोटांवर तिकिटं चिकटवून वेळ मारून नेली."

"झेंडा?"

"एकत्र देशाची चिन्हं कुणीच वापरायची नाहीत असं ठरलं होतं. चेकांनी झेंडा ठेवून घेतला."

"म्हणजे थोरल्या भावानं देवघर लाटलं," मिलिंद म्हणाला. त्याची स्वतःची वाटणी अजून कोर्टात आहे, म्हणून कुणी हसलं नाही.

मग पक्यानं हुकमाचा पत्ता काढला. 2014 ला स्कॉटिश लोकांना भीती घातली गेली की ब्रिटन सोडलं तर युरोपीय संघ जाईल. म्हणून बरेच जण थांबले. दोनच वर्षांनी ब्रेक्झिटचं मतदान झालं. स्कॉटलंडमध्ये 62 टक्के लोकांनी संघात राहायला मत दिलं, तरी बाहेर पडावं लागलं. "याला फसवणूक नाही म्हणायचं तर काय?"

राग खरा आहे. पण मी त्याला म्हटलं, आता वेगळं होऊन संघात गेले तर इंग्लंडच्या सीमेवर जकातीची चौकी येणार, आणि त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक त्या चौकीपलीकडं. 2014 ला वेगळे होऊन दोघंही संघात राहिले असते तर हा प्रश्न नव्हता. ब्रेक्झिटनं वेगळं व्हायला कारण दिलं आणि वेगळं होणं महाग करून ठेवलं.

"तो हिशोब त्यांचा त्यांना करू द्या ना," पक्या म्हणाला. तेही होत नाही. लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटलंडच्या संसदेला सार्वमत घेता येत नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये दिलाय.

"माझ्या पुतण्यानं मत दिलंय 2014 ला," मिलिंद एकदम म्हणाला. आम्हाला वाटलं थापा मारतोय. पण खरंच, तिथं राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होतं. लंडनला नोकरीला गेलेल्या स्कॉटिश माणसाला नव्हतं.

"मग काय दिलं त्यानं?" पक्या पुढं सरकला.

"'नाही'. म्हणाला, काका, माझा व्हिसा लंडनच्या सरकारचा होता. नव्या सरकारनं तो चालवून घेतला असता का, ते कुणी सांगेना."

पक्यानं नोट परत केली. नानांनी दुसरा चहा मागवला.