रॅप नको म्हणण्याआधी

डिचोलीकडच्या आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. गोव्यात रॅपचे आणि इडीएमचे (इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याचे) मोठे कार्यक्रम होऊ द्यायचे की नाही? सनबर्न हा इडीएमचा महोत्सव 2007 मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला, 2024 मध्ये पेडण्यात धारगळला गेला. तिथे गावकऱ्यांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं आणि 2025 मध्ये तो मुंबईला हलला. तेव्हापासून एक बाजू ‘बरं झालं, पीडा गेली’ म्हणते आणि दुसरी ‘टॅक्सीवाल्यांनी, खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी खायचं काय’ असं विचारते. लंडनच्या पश्चिमेला हाऊन्सलोत राहून मी हे सगळं रोज वाचते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण तिकीट काढून त्या मैदानात उभी राहणारी पोरं आपलीच आहेत, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. ‘बाहेरचे येतात’ एवढ्यावर विषय संपतो.

गेल्या सुट्टीत मी माझ्या भाचीबरोबर अशा एका रॅपच्या कार्यक्रमाला गेले. भाची 19 वर्षांची, म्हापशाला कॉलेजात. बहिणीने साफ सांगितलं होतं, मावशी बरोबर असेल तरच जायचं. म्हणून मी, भाची, तिच्या दोन मैत्रिणी आणि वर्गातली काही मुलं असे पेडण्याच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर गेलो. रॅपर मुंबईचा होता. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला बोलायचंय ते मैदानाबद्दल आणि त्यात उभ्या असलेल्या मुलांबद्दल.

आधी मुलांबद्दल. आमच्यात सत्तरी तालुक्यातला एक मुलगा होता. जाताना गाडीत तो माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं बोलला असेल, तीही खाली बघून. पण गाणं सुरू झालं आणि त्याने अख्खं कडवं एका श्वासात म्हटलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही, छातीवर हाताने ताल धरलेला, डोळे मिटलेले. आजूबाजूच्या हजारो मुलांनाही तेच शब्द तसेच पाठ होते. कामाच्या शोधात मुंबईला गेलेला बाप, पागडीची खोली, मित्राची पोलीस चौकीतली रात्र, हे त्या गाण्यातले विषय. माझे बाबा सांगायचे, आमच्या जत्रेत नाटकातलं पद रंगलं की लोक वन्स मोअरवर वन्स मोअर घ्यायचे आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. त्याच घरांतली ही नातवंडं आहेत. शब्दासाठी तासन्‌तास उभं राहायची सवय यांनी कुठल्या परक्याकडून घेतलेली नाही.

मग भाची म्हणाली, “मावशी, तू इथंच थांब हं. आता पुढे गोल करतील.” खरोखरच मधली माणसं मागे सरली, मोकळी जागा झाली, आणि ठेका कोसळला तशी सगळी पोरं त्या जागेत उड्या मारत घुसली. याला मॉश पिट म्हणतात. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात एक मुलगी पडली. दोन अनोळखी पोरांनी तिला काखेत हात घालून उभं केलं. तिसऱ्याने मोबाईलची बॅटरी लावून हात वर धरला आणि ओरडला, “चष्मा! चष्मा पडला!” सगळा गोल जागच्या जागी थांबला. चष्मा सापडला, तिने तो पुसून डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा उड्या सुरू झाल्या. पोरं बेफाम असतात असं ग्रुपवर लिहिणाऱ्यांनी तो गोल बघायला हवा होता.

बेफाम होती ती व्यवस्था. दारावर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या, आणि आत पाण्याचा स्टॉल एकच, तोही मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाहेर पडायची वाट आत यायचीच. कार्यक्रम संपल्यावर ती सगळी गर्दी एका फाटकातून निघाली. बाहेर बस नाही, मोटारसायकल पायलट नाही, आणि टॅक्सीवाले म्हापशापर्यंतचा जो आकडा सांगत होते तो ऐकून मुलं गप्प व्हायची. शेकडो पोरंपोरी काळोखात हायवेच्या कडेने चालत होती, बाजूने गाड्या सुसाट जात होत्या. काहींनी तिघं तिघं एका स्कूटरवर बसून घर गाठलं असणार. आमच्याकडे बहिणीची गाडी होती. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांच्या आयांचा विचार मी रात्रभर करत होते.

लंडनमध्ये मी माझ्या मुलाला ओटू अरीनात रॅप ऐकायला नेलं होतं. वीसेक हजार माणसांचं सभागृह. परवाना असलेल्या अशा ठिकाणी पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं, तसा कायदा आहे. रखवालदाराच्या दंडावर त्याचा सरकारी परवाना दिसला पाहिजे. आणि कार्यक्रम सुटला की दारातच भुयारी रेल्वे. हे सगळं इंग्रज माणूस आपल्यापेक्षा शहाणा म्हणून झालेलं नाही. तिथेही माणसं मेली, मग नियम आले. डिसेंबर 2022 मध्ये ब्रिक्स्टन अकॅडमीच्या दारात चेंगराचेंगरी होऊन दोघांचा जीव गेला. सभागृहाचा परवाना थांबवला गेला. पुन्हा दारं उघडली ती एप्रिल 2024 मध्ये, आणि तीही स्थानिक कौन्सिलने 77 अटी घातल्यावर.

पण ब्रिटनमधला जो धडा आपल्या वादाला सगळ्यात जवळचा आहे, तो वेगळा आहे. लंडनच्या पोलिसांकडे फॉर्म 696 नावाचा एक अर्ज होता. क्लबांत गोळीबाराचे प्रकार झाले म्हणून 2005 मध्ये तो आणला. डीजे किंवा एमसी (माईकवर रॅप करणारा) असलेला कार्यक्रम करायचा तर आयोजकाने 14 दिवस आधी कलाकारांची नावं, पत्ते, फोन नंबर पोलिसांना द्यायचे. सुरुवातीला त्यात संगीत कोणत्या प्रकारचं हेही विचारलेलं असे, आणि प्रेक्षक कोणत्या वंशाचे येणार हेसुद्धा. वंशाचा प्रश्न ओरड झाल्यावर वगळला, तरी ग्राइम (रॅपचाच लंडनमधला प्रकार) आणि रॅप करणारी काळी मुलं वर्षानुवर्षं सांगत राहिली की आमचेच कार्यक्रम शेवटच्या क्षणी रद्द होतात. अखेर नोव्हेंबर 2017 मध्ये पोलिसांनी तो फॉर्मच मोडीत काढला. पुढे 2019 मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवाच्या मुख्य मंचावर स्टॉर्मझी हा त्याच पिढीतला रॅपर उभा राहिला.

आमच्या ग्रुपवर ‘कसलं संगीत आणि कसली माणसं’ हे प्रश्न वाचते तेव्हा मला तो फॉर्म आठवतो. आणि मनाला लागतंही. कारण ‘ही बाहेरची माणसं आली आणि आमचं गाव राहिलं नाही’ हे वाक्य मी हाऊन्सलोत इंग्रजीत ऐकते, आणि तिथे ती बाहेरची माणसं आम्ही असतो. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली गोंयकार कुटुंबं स्विंडनला, साऊथॉलला कारखान्यांत आणि गोदामांत राबतात. त्यांच्याबद्दल कोणी असं बोललं की गोव्यात सगळ्यांना राग येतो. तोच न्याय दिल्लीहून किंवा बेळगावहून गाणं ऐकायला आलेल्या पोराला लावायला नको का?

गर्दी जीव घेते ती संगीत कुठलं हे बघून नव्हे. मे 2025 मध्ये शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. आमच्या घरात धोंड, म्हणजे देवीचे व्रत धरणारे भक्त, आहेत. त्या रात्री हातात बेत (वेताची काठी) घेतलेले आमचे लोक तिथे होते, आणि ते सुखरूप आहेत हे कळेपर्यंत मी लंडनमध्ये फोन हातातून खाली ठेवला नव्हता. तिथे ना रॅप होतं, ना ड्रग्ज. उतार, अरुंद वाट आणि एकाच वेळी पुढे रेटणारे हजारो लोक एवढंच पुरेसं झालं. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाईटक्लबात आग लागून 25 जण गेले. त्यातले बहुतेक तिथले कामगार होते, पोटासाठी दूर गावांहून आलेले. देवीची जत्रा असो नाहीतर नाईटक्लब, बाहेर पडायला वाट किती आणि तिच्यावर जबाबदार माणूस कोण, हे परवानगीच्या कागदावर आधी आलं पाहिजे. संस्कृतीची चर्चा नंतर करू. ती करायला माणसं जिवंत हवीत.

ड्रग्ज नाहीत असं मी म्हणत नाही. धारगळच्या सनबर्नमध्ये 2024 ला एक तरुण दगावला. विकणाऱ्याला पकडा, कडक शिक्षा करा. पण मैदानावर मी भाचीच्या मैत्रिणीला विचारलं, बाजूच्या कोणाला भोवळ आली तर तुम्ही काय करता? ती म्हणाली, “आधी लिंबूपाणी देतो. डॉक्टरकडे नेलं तर पोलीस घरी फोन करतील ना.” त्या मुलीने कशाला हात लावलेला नव्हता, तरी तिला डॉक्टरच्या तंबूची भीती वाटत होती. ही भीती आपण घातली आहे, आणि एखाद्या रात्री तीच कोणाचा तरी जीव घेईल. मदत मागणाऱ्याची चौकशी होणार नाही, हे दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं पाहिजे.

शब्दांबद्दलही बोललं पाहिजे. त्या रात्री बाईबद्दलच्या काही ओळी अशा होत्या की मला तिथून उठून जावंसं वाटलं. परतताना मी भाचीला तसं म्हटलं. ती म्हणाली, “मला पण ती ओळ आवडत नाही, मावशी. मी ती म्हणतच नाही. तिथे गप्प राहते.” पुढे अर्धा तास आम्ही त्यावरच बोलत होतो. ती का ऐकते, कुठे थांबते, मैत्रिणींना काय वाटतं. अशी चर्चा घरात एरवी होत नाही. बंदी घातली असती तर तिने तीच ओळ कानात हेडफोन घालून एकटीने ऐकली असती. आणि बंदीचा दंडा कोणावर चालतो हेही बघा. 2023 मध्ये महाराष्ट्रात रॅप करणाऱ्या दोन तरुणांवर गुन्हे नोंदवले गेले, ते राजकारण्यांवर गाणी केली म्हणून.

राहिला आवाज. इथे मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूने आहे, पूर्णपणे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 पासून आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. म्हाताऱ्या माणसांच्या, परीक्षेला बसलेल्या मुलांच्या खिडकीशी पहाटेपर्यंत बास धडधडणं हा छळच आहे. लंडनच्या हाईड पार्कात 2012 मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनबरोबर खुद्द पॉल मॅकार्टनी गात होता, तरी ठरलेली वेळ उलटल्यावर माईक बंद केले गेले. आपल्याकडे ताळगावला 2014 च्या लुसोफोनिया खेळांसाठी बांधलेलं बंदिस्त स्टेडियम आहे. रॅप तिथे ठेवा, बाहेरच्याची झोप मोडणार नाही, आणि सरकारी कदंबच्या जादा बसगाड्या लावणंही सोपं जाईल. चर्चच्या फेस्ताला, जत्रेला त्या सुटतातच.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा देवस्थान समितीतल्या एका काकांनी विचारलं, “दहाचा नियम सगळ्यांना सारखाच असेल तर आमच्या काल्याच्या नाटकाचं काय करायचं, बाय?” प्रश्न रास्त आहे. त्याच नियमांत सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगांसाठी वर्षाकाठी 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायची तरतूद आहे. ते दिवस राज्य सरकार ठरवतं, आणि त्यातले किती कोणाला गेले हे गावातल्या माणसाला सहज समजत नाही. माझं मत विचाराल तर त्यातले पहिले दिवस जत्रांना आणि दशावतारी नाटकांना मिळावेत, मग फेस्तांना, आणि उरलेल्यांत पोरांच्या गाण्यालाही एखादी रात्र असावी. वर्षाची यादी जानेवारीतच प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावावी. काकांनी ही मागणी ग्रामसभेत मांडायची तयारी दाखवली आहे. भाचीचं नाव मतदार यादीत आहे, तीही जाणार आहे, आणि काकांच्या बाजूला बसून आधी जत्रेसाठी बोलायचं, मग रॅपसाठी, असं तिचं ठरलंय.