थांबता, पण कुणासाठी?

"पानगळीत सायकलवर जंगलातली ट्रेल करायची तर टायरमधली हवा कमी करायची. विषय संपला," बंड्या म्हणाला, आणि विषय तिथूनच सुरू झाला.

"कमी म्हणजे किती?" अण्णांनी विचारलं.

"ट्यूबलेस असेल तर 22-23 पीएसआय. टायर पसरतं, पकड वाढते."

"आणि आत ट्यूब असेल तर? पहिल्याच दगडावर रिमखाली चिमटून दोन भोकं पडतात. रविवारी त्या नव्या पोराचं काय झालं, बघितलंस ना?"

ताईचं म्हणणं वेगळंच. घोळ हवेचा नाहीच, पानांखाली काय दडलंय ते दिसत नाही, हा आहे. ती पडली तिथे वाटेला तिरकं गेलेलं मूळ होतं, वर ओल्या पानांचा थर. "चाक त्यावर चढलंच नाही, मुळाच्या कडेकडेने सरकत गेलं. मी ब्रेकला नुसतं बोट लावलं होतं!"

"तेच चुकलं," बंड्या लगेच. "ब्रेक मुळाच्या आधी. मूळ आलं की बोटं सैल सोडायची आणि होईल तितकं काटकोनात ओलांडायचं."

बरोबरच होतं त्याचं. पण बरोबर असलं की बंड्याला आवरणं कठीण. "अहो, हा खेळ रुजलाच मुळी ऑक्टोबरात! 21 ऑक्टोबर 1976, कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळ पहिली 'रिपॅक' शर्यत, डोंगरउतारावरून सायकलने खाली यायची. जुन्या बोजड सायकली, पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक, उतरेपर्यंत चाकाच्या मधल्या हबमधलं ग्रीस जळायचं. आणि आपण डिस्क ब्रेक लावून कुरकुरतोय!"

"ते एकेकटे सुटायचे, घड्याळ लावून," अण्णा म्हणाले. "आपण एकामागे एक चिकटून उतरत होतो. ताई पडली तेव्हा मागचा तिच्या अंगावर जाता जाता वाचला."

इतका वेळ गप्प बसलेला गण्या मग बोलला. ग्रुपमध्ये सगळ्यात मागे तोच असतो. "तुम्ही माथ्यावर थांबता, कबूल. पण मी धापा टाकत पोचलो की 'आला रे, चला' म्हणून निघता. तुमची विश्रांती झालेली, माझी शून्य. वर घामाने भिजून तुम्ही गारठलेले, म्हणून घाईही तुम्हालाच. आणि शेवटचा उतार, सूर्य खाली गेलेला, झाडांमधून उन्हाचे पट्टे डोळ्यांवर येतात, तो मी सगळ्यात दमलेला असताना उतरायचा."

कुणी काही बोललं नाही. माझ्या मते त्या दिवशीचा खरा मुद्दा हाच होता, टायरवरचा सगळा वाद त्यापुढे किरकोळ.

"मग काय, सगळ्यांनी तुझ्या वेगाने चढायचं?" बंड्या अजून हटायला तयार नव्हता. "फार हळू गेलं की तोल जातो. उभं राहून पॅडल मारलं तर मागचं चाक पानांवर जागीच फिरतं."

"चढ ज्याने त्याने आपल्या वेगाने चढावा," अण्णा म्हणाले. "पण माथ्यावर शेवटच्याने पाणी पिऊन 'चला' म्हटल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आणि फाट्यावर एकाने थांबायचंच. पानांनी वाट बुजली की मागच्याला डावी-उजवी कळत नाही."

"बरं, पुढच्या वेळी मी राहतो शेवटी," बंड्या म्हणाला. "पण गण्या, उतारावर ब्रेक धरून बसायचं नाही."

"तू अंतर ठेव," गण्या म्हणाला, "मग बघू."