काकूंना तरी कुठे काय लपवायचं होतं?

आज दुपारी नातेवाइकांच्या ग्रुपवर, घरचे फोटो फक्त मोठ्या कंपन्यांच्या क्लाउडवर ठेवावेत का यावरून, पुन्हा तेच वाक्य. "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? राहू दे की फोटो त्यांच्याकडे." खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

आमच्या सोसायटीतल्या काकूंनाही काही लपवायचं नव्हतं. काका गेले, त्यांचं सिम रिचार्जविना बंद पडलं आणि पुढे काकूंचा फोन पाण्यात पडला. नव्या फोनवर फोटोंच्या खात्यात लॉगिन करायला बसल्या, तर रिकव्हरी नंबर, म्हणजे खातं परत मिळवायला ज्यावर ओटीपी येतो तो, काकांचा. स्क्रीनवर ठिपके, ठिपके आणि शेवटचे दोन आकडे. काकूंना तो नंबर तोंडपाठ आहे, पण ओटीपी आता कुणाच्या फोनवर जातोय कोण जाणे. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कुठेही हेच झालं असतं.

आणि ज्यांचं सगळं चालू असतं त्यांचं? सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांनी आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांना दाखवायला काढला. गूगलच्या यंत्रणेने तो बालशोषणाचा ठरवून खातंच बंद केलं. पोलिसांनी निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. 2022 साली न्यूयॉर्क टाइम्सने हे छापलंय. दाद मागायची कुणाकडे? फॉर्म भरा आणि वाट बघा!

बरं, या कंपन्यांची डेटा सेंटरं आपल्या घरच्या डिस्कपेक्षा कितीतरी भक्कम आहेत, हे मान्य. पण काकूंचे फोटो त्या भक्कम भिंतीच्या आतच आहेत ना?

म्हणून एक प्रत घरी आणा. गूगल टेकआउट (गूगलमधला आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) उघडा, आधी सगळ्या खुणा काढा, फक्त फोटोजवर खूण करा. झिपचा आकार 10 जीबी ठेवा. 2 जीबीचे तुकडे केलेत तर पन्नास फायली उतरवत बसाल, आणि 50 जीबीची एकच फाइल मध्येच नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. ईमेलवर आलेली लिंक साधारण आठवडाभरच चालते. आणि फोटोंसोबत येणाऱ्या जेसन फायली (फोटोची तारीख वगैरे माहिती ठेवणाऱ्या छोट्या फायली) कचरा समजून उडवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंमध्ये काढल्याची तारीख उरतच नाही. गूगलमध्ये तुम्ही हाताने दुरुस्त केलेली तारीखही त्या जेसनमध्येच असते. ती उडवली की 2014 चं बारसं आजच्या तारखेला जाऊन बसतं.

घरी कुणी तांत्रिक असेल तर इमिच बसवा, म्हणजे घरच्याच कॉम्प्युटरवर फोटो साठवणारं सॉफ्टवेअर. 8 जीबी रॅमचा जुना पीसी पुरतो, डेटाबेस मात्र एसएसडीवरच ठेवा. टेकआउटच्या सगळ्या झिप इमिच-गोला (फोटो इमिचमध्ये चढवणारं साधन) एकदम द्या, कारण फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्यात असं सर्रास होतं. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर सीजीनॅट असतं, म्हणजे अनेक ग्राहकांमध्ये एकच इंटरनेट पत्ता, त्यामुळे बाहेरून थेट पोचता येत नाही. तिथे टेलस्केल वापरा, ते तुमची उपकरणं खाजगी जाळ्यात जोडतं. लाइट जाते, तेव्हा यूपीएस हवाच. आणि दुसरी डिस्क दुसऱ्या घरात. हे जमणार नसेल तर एन्टे ही फोटो ठेवायची सेवा घ्या. तिथे फोटो तुमच्या फोनवरच कुलूपबंद होऊन मग वर जातात, कंपनीलाही दिसत नाहीत. पण पासवर्ड विसरलात आणि 24 शब्दांची रिकव्हरी की हरवली, तर कंपनीही काही करू शकत नाही. ती कागदावर लिहा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

हे लिहिताना राग जरा उतरला. ग्रुपवर अंगठा देणारी माणसं आपलीच आहेत, त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नाही. गूगल सोडायचं नसेल तर सोडू नका, पण 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये घरच्या एकाचं नाव घाला, म्हणजे खातं बराच काळ वापरलं गेलं नाही तर त्यांना कळवलं जातं. किती काळ, यासाठी 3 ते 18 महिन्यांची मुदत निवडता येते. आयफोनवाल्यांनी 'लेगसी कॉन्टॅक्ट' (आपल्या पश्चात खातं उघडू शकणारी व्यक्ती) जोडा. गूगलच्या टू-स्टेप लॉगिनचे (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) दहा बॅकअप कोड छापून ठेवा, प्रत्येक कोड एकदाच चालतो.

काकांनी मखर बांधतानाचा एक व्हिडिओ भाच्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सापडला. चेहरा धूसर आहे, आवाज मात्र स्वच्छ: "अगं, सुतळी दे जरा." काकू तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावतात.

तुमच्या आईच्या खात्याला रिकव्हरी नंबर कुणाचा आहे आणि तो चालू आहे का, हे आज रात्री जेवायच्या आधी बघा.